दहापैकी दहा

६ ऑगस्ट

ताई,

आणि वर काकूंना सांगतेस की मी पळालो. पळणारा माणूस दोन दिवस आधी बॅग भरून दारात ठेवतो का? तूच म्हणालीस, "गुडघा बरा झालाय तर आता कामाचं बघ." बघितलं. ठेकेदाराला फोन केला, तो ये म्हणाला, मी आलो. निघताना तू पाठमोरी भांडी घासत होतीस. मी दोनदा "येतो" म्हटलं. नळ चालू होता म्हणून तुला ऐकू आलं नसेल असं मी धरून चालतो. यात पळणं कुठं आलं?

फोन तू उचलत नाहीस. शेवटी शेजारच्या काकूंना लावला, तर त्या म्हणाल्या, "ती घरात नाही रे," आणि मागून तुझाच खोकला. काकू शिवणकामात कितीही हुशार असोत, थापा मारणं त्यांच्या हातातलं काम नाही. म्हणून हा कागद. हा मधेच कापता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

तुझं म्हणणं एवढंच ना, की माझ्यामुळे बारकी वर्गात मागे पडली? चार महिने मी तुझ्या घरी होतो ते काही पाय पसरून नव्हतो. म्हणजे पाय पसरूनच होतो, गुडघ्यात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी अजिबात वाकवायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण तू सकाळी आठला कारखान्यात इस्त्रीवर उभी राहायला गेलीस की संध्याकाळी सातपर्यंत घर कोण बघत होतं? पोरगी शाळेतून आली की दप्तर माझ्यासमोर. रोज दहा शब्दांचं शुद्धलेखन, रोज वीस तोंडी गणितं. बाईंनी सांगितलं होतं घरी कोणीतरी घ्या, आणि तू ते मला नेमून दिलं होतंस. एक दिवस चुकवला असेन तर सांग. मला ताप होता तेव्हाही घेतलं. तिला ताप होता तेव्हाही घेतलं, त्यावरून तू ओरडलीस.

आणि आता काकू सांगतात, सहामाही परीक्षा झाली की तू तिला तिच्या आत्याकडे नेऊन ठेवणार. खोटं बोलायला लागलीय, आईच्या सह्या करायला लागलीय, तिकडे धाकात राहील. ताई, आठ वर्षांची आहे ती. तुझ्या नणंदेच्या घरात खुर्ची सरकवली तरी आवाज झाला म्हणून ओरडा बसतो, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. त्या घरात तू बारकीला टाकणार? दाजी गेल्यापासून तुम्ही दोघीच तर आहात तिथे. तिला पाठवलंस तर संध्याकाळी कुलूप काढून कोणासाठी आत जाशील?

शाळेतून आलेल्या तीन चिठ्ठ्यांवरच्या सह्या त्या काय. लहान पोरं करतात असलं काहीतरी. एक थप्पड मारलीस, झालं, विषय संपला. तिला कुठं पाठवू नकोस.

धाकटा


२१ ऑगस्ट

ताई,

पंधरा दिवस झाले, तुझं काही नाही. ठीक आहे, मीच लिहितो.

इथे इस्पितळाची नवी इमारत उठतेय, सहा मजल्यांची. आम्ही चौथ्यावर फरशी बसवतोय. राहायला तळमजल्यावर, जिथे पुढे औषधांचं दुकान होणार आहे. भिंतीला फळ्या आधीच ठोकल्यात, तेव्हा आम्ही आमचे शर्ट आणि डबे औषधांसारखे ओळीने लावून ठेवतो. माझ्या शेजारी एक वायरमन झोपतो. चाळिशीचा, चष्मेवाला, पेपर शेवटच्या पानापासून वाचणारा. मी आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितो, तो चुकलेले शब्द नीट करून देतो, मग मी कागदावर उतरवतो. पहिलं पत्रही तसंच. तुला वाटलं असेल, याचं लेखन कधीपासून एवढं सुधारलं.

तेच सांगायला बसलोय. तुझं लग्न झालं तेव्हा मी तिसरीत होतो. तुझ्या हिशेबाने मी सहावीपर्यंत शिकलो. आईच्याही हिशेबाने. खरं म्हणजे चौथीच्या मधूनच मी शाळेच्या फाटकापर्यंत जायचो आणि तिथून वळायचो. एका जागी बसलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. अजूनही येतात, पाच वर्षांत सात ठेकेदार झाले ते उगीच नाही. आकडे मला येतात. खोक्यावरचं माप येतं, मजुरीची चिठ्ठी येते, दुकानाची पाटी येते. सबंध ओळ आली की मी शब्दाची पहिली दोन अक्षरं बघतो आणि बाकीचं अंदाजाने म्हणतो.

पहिल्या दिवशी तू डबा पिशवीत घालता घालता विचारलंस, "नीट वाचता येतं ना रे तुला?" मी म्हटलं, "मग काय." तुला उशीर झाला होता. तू पुन्हा विचारलं नाहीस.

मग मी असं करायचो. बारकी धडा मोठ्याने वाचायची, त्यातले दहा शब्द मी डोक्यात ठेवायचो, पुस्तक मिटायचं आणि तेच तिला घालायचो. इथवर ठीक. तपासायचं कसं? तर फरशीची ओळ तपासतो तसं. वही डोळ्यांच्या पातळीला आडवी धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. ओळ दोरीत आहे का. अक्षरा-अक्षरातली फट सारखी आहे का. एखादं खाली बसलंय का. "हे तिसरं जरा दबलंय, उचल," असं मी म्हणालो की ती खोडून पुन्हा बसवायची. मग लाल पेनने बरोबरची खूण. दहापैकी दहा. रोज.

"मामा, तू कधीच चूक कशी काढत नाहीस?" तिने एकदा विचारलं.

"असली तर काढीन ना."

"म्हणजे मी हुशार आहे?"

"मग काय."

नंतर बाई तुला म्हणाल्या ना, इतक्या देखण्या अक्षरात इतकं चुकीचं लिहिलेलं त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नाही. हे काकूंनी मला सांगितलं. सांगताना त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

गणितात मात्र मी कच्चा नाही. ते मी तिला मन लावून शिकवलं. बारा बाय चौदाच्या खोलीला दोन बाय दोनच्या किती फरश्या? पोरगी डोळे मिटून सांगायची, बेचाळीस. आणि कापण्यातुटण्यातल्या चार, म्हणजे शेहेचाळीस मागवायच्या. कुठलाही फरशीवाला नेमका आकडा मागवत नाही. मागवला तर शेवटच्या कोपऱ्यात तोंडावर आपटतो. तिलाही मी तसंच सांगितलं, आधी उत्तर काढ, मग दहाला एक वर धर. तुमचं स्वयंपाकघर, बाहेरचा जिना, काकूंची गच्ची, सगळ्याला किती लागतील ते तिला तोंडपाठ होतं. एक दिवस वर्गात बाईंनी विचारलं, एका खोक्यात सहा पेन्सिली तर आठ खोक्यांत किती? ही उभी राहिली, "अठ्ठेचाळीस, पण त्रेपन्न घ्या." वर्ग खो खो हसला. घरी आली ती फुरंगटून.

"मामा, बाई म्हणतात हिशेबातल्या पेन्सिली तुटत नसतात."

"बाईंनी कधी टोक काढलेलं दिसत नाही."

"असं म्हणू त्यांना?"

"म्हण की."

तिने म्हटलं. जसंच्या तसं. त्या दिवशी वहीत पहिली चिठ्ठी आली.

पुढचं तुला माहीतच आहे. खुणा मी चुकीच्या केल्या, वाचता येत नसताना केल्या, हे कबूल. त्यावरून मला काय बोलायचं ते बोल. बारकीला त्यात ओढू नकोस.

धाकटा


३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळींचं का होईना, आलं. वायरमनला न देता मी ते चौथ्या मजल्यावर नेलं आणि कठड्याशी बसून स्वतः वाचलं. दोनदा. तू एकेक अक्षर सुटं सुटं काढलंस, मला वाचता यावं म्हणून, ते माझ्या लक्षात आलं. मला वाचता येत नाही यावरून तू एक शब्दही बोलली नाहीस, तेही.

तू विचारलंस की बाईंच्या तिन्ही चिठ्ठ्यांखालच्या सह्या इतक्या हुबेहूब आहेत की क्षणभर तुलाही त्या आपल्याच वाटल्या, बारकी म्हणते तिने केल्या, पण तुझं मन घेत नाही, तर मला काही माहीत आहे का. खरं ते लिही म्हणालीस.

मला काय माहीत असणार? मी गुडघ्याला शेक देत बसलेला माणूस. ती वही घेऊन आत जायची आणि बाहेर यायची. आणि बारकीचा हात आता चांगला वळलाय, ते तू बघितलंच आहेस. एखादी गोष्ट समोर ठेवली की ती तशीच्या तशी काढते. तीच करू शकेल. केली असं मी म्हणत नाही, करू शकेल असं म्हणतो.

इकडे काम जोरात आहे. गुडघा बरा आहे. वायरमन आता मला रोज कामावरून आल्यावर, जेवणाआधी, दहा शब्द घालतो. काल तीन बरोबर आले. तो चुकलेल्या शब्दावर नुसती फुली मारत नाही, शेजारी बरोबर शब्द लिहून देतो आणि तो पाच वेळा लिहायला लावतो. मला हे कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी शेजारी काय लिहिणार होतो?

ठेकेदार हाका मारतोय. आटोपतं घेतो.

धाकटा


२९ सप्टेंबर

ताई,

ठेकेदार हाका मारत नव्हता. त्या दिवशी सुट्टी होती.

काल काकूंना फोन केला. बारकी गेली म्हणाल्या. मला वाटलं, गच्चीवर गेली असेल. "अरे, आत्याकडे गेली. दहा दिवस झाले." मी म्हटलं, सहामाही तर अजून व्हायचीय. तर काकू म्हणतात, "तुझ्या ताईचं मन डळमळीत होतं रे. रोज रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे येऊन बसायची आणि म्हणायची, माझी पोरगी असं करणार नाही. मग तुझं पत्र आलं. म्हणाली, मामाच म्हणतोय तीच करू शकेल, तो तर दिवसभर घरात होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि घेऊन गेली."

माझ्या एका ओळीवर तू शंभर कोस प्रवास केलास.

मी काकूंना खोदून खोदून विचारलं. बारकी रडली नाही. दप्तर स्वतः भरलं. आत्याने पहिल्याच दिवसापासून नेम घातलाय, रोज शाळेतून आलं की एक पानभर लिहायचं, मी खोटं बोलणार नाही. पान भरलं की मग खायला. आणि तू फोनवर विचारलंस कशी आहेस, तर ती म्हणाली, "आई, सगळ्या ओळी सरळ आल्यात."

आज मी चौथ्या मजल्याच्या लांब बोळात दोन ओळी बसवल्या आणि दोन्ही सूतभर चढल्या. हात लावला तरी कळत होतं, बघायचीही गरज नव्हती. ठेकेदार आला, बुटाचं टोक घासलं आणि म्हणाला, "उचल सगळं. कोणाचं काम हे?" आमच्या टोळीत एक पोरगा आहे, सिमेंटचा माल कालवणारा, सगळ्यांत लहान. ठेकेदाराची नजर माझ्याकडे वळायच्या आधीच तो म्हणाला, "मी दोरी हलवली साहेब." ठेकेदाराने त्याला चार शिव्या घातल्या आणि गेला.

पोराने दोरीला हातही लावला नव्हता. मी खाली बसून फरश्या उचलायला लागलो.

धाकटा


४ ऑक्टोबर

ताई,

सह्या मी केल्या. तिन्ही.

एवढं लिहायला मला पाच दिवस लागले. पहिल्यांदा पुठ्ठ्यावर लिहिलं, त्या सह्या माझ्याकडून झाल्या. वायरमनने चष्मा कपाळावर सरकवला. "झाल्या म्हणजे? पेन घसरला?" मी खोडलं. मग लिहिलं, आम्ही दोघांनी मिळून केल्या.

"पोरगी काय करत होती?" त्याने विचारलं.

"बघत होती."

"मग दोघं कुठून आले?"

हे पत्र त्याला दाखवायचं नव्हतं. पण या एका पत्रात तुला कुठेही अडखळायला होऊ नये, म्हणून दाखवलं. त्याने सगळे शब्द नीट करून दिले, पुठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पेपर उघडून बसला. पहिल्या पानापासून वाचत होता.

पहिली चिठ्ठी मला वाचता आली होती. वेळ लागला, पण आली. पालकांनी भेटून जावे, एवढंच होतं. तू गेली असतीस तर बाईंनी वही उघडून विचारलं असतं, या खुणा कोण करतं? आणि तुला कळलं असतं की मला वाचता येत नाही. बस. दुसरं कारण नाही. बारकी उलट बोलली ते झाकायला म्हणून केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं.

भाड्याच्या पावतीवर तुझी सही होती. ती समोर ठेवली आणि फरशीवर खुणा करायच्या पेन्सिलीने रद्दी पेपरावर वीस-पंचवीस वेळा काढली. नक्षीला नक्षी जुळवणं हे माझं रोजचं काम. एखादी रेघ समोर ठेवली की ती तशीच्या तशी काढता येते, हे मी बारकीबद्दल तुला लिहिलं ना, ते माझं आहे. तिच्यावर घातलं.

ती माझ्या कोपराशी उभी होती.

"मामा, ही आईची सही आहे."

"आई दमून येते. तिला कशाला आणखी त्रास?"

"मग आईला सांगायचं नाही?"

"हे आपल्या टोळीतलं आहे. टोळीतलं बाहेर जात नाही."

टोळी हा शब्द तिला फार आवडला. तिने विचारलं, तुमच्या टोळीत काय काय असतं? मी गंमत म्हणून सांगितलं. आमच्याकडे काही फुटलं, बिघडलं, तर कोणाकडून ते कोणी सांगत नाही. टोळीतला सगळ्यांत लहान पुढे होतो आणि म्हणतो, मी. ठेकेदार त्याच्यावर ओरडतो, पण लहान म्हणून त्याची मजुरी कापत नाही. मोठ्याची कापली असती. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा महिन्याला पाच-सहा फरश्या माझ्या नावावर फुटायच्या, असं मी सांगितलं, आणि ती पोट धरून हसली.

"आपल्या टोळीत सगळ्यांत लहान कोण?"

"तूच की."

ताई, मी ते सहज बोललो. माझ्या तोंडातून ते कसं गेलं, तेही मला आठवत नव्हतं. तिने मात्र ते जपून ठेवलं.

तिसऱ्या चिठ्ठीनंतर एक दिवस बाईंनी कारखान्यात फोन केला आणि तू भर दुपारी घरी आलीस. असं कधी झालं नव्हतं. अंगावर कारखान्याचा एप्रन तसाच, हातात शाळेतून घेतलेली गृहपाठाची वही. तू दारातूनच विचारलंस, "या सह्या कोणी केल्या?" तू तिला विचारलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. माझ्याकडे का बघशील?

तिने बघितलं. घाबरून नाही बघितलं. आता माझी पाळी ना, असं विचारावं तसं बघितलं. मी मान खाली घातली आणि गुडघ्याची पट्टी सोडून परत गुंडाळायला लागलो. पट्टी नीट होती.

"मी," ती म्हणाली.

मी तुला लिहिलं होतं, एक थप्पड मारलीस. एक नाही, दोन. पहिलीला ती जागची हलली नाही, म्हणून तू दुसरी मारलीस. मग मी उठलो. लंगडत आलो, मधे हात घातला आणि म्हणालो, "जाऊ दे ताई, लहान आहे." तू म्हणालीस, "तूच लाडावून ठेवलीयस तिला." आणि मी हो म्हटलं. मोठेपणा घेतला. त्या थपडा मी विसरेन कदाचित. मधे घातलेला तो हात विसरत नाही. जेवताना मी त्याच हाताने जेवतो.

तू तोंड धुवायला आत गेलीस तेव्हा बारकी माझ्याजवळ आली. गालावर तुझी बोटं उठली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता तुझे पैसे नाही ना कापणार?"

मी म्हटलं, नाही कापणार.

तेव्हाही सांगता आलं असतं. पुढे दहा दिवस होते. तू तिच्याशी बोलणं टाकलंस, ती एकटी वही घेऊन बसायची, मी तिला शब्द घालायचो आणि ती लिहायची, आणि मी खुणा करायचो. त्या खुणांचंही तुला कळलं, तू मला कामाचं बघ म्हणालीस, आणि मला सुटल्यासारखं झालं. बॅग दोन दिवस आधी भरली ती तेवढ्यासाठी. पळालोच मी.

आता काय करायचं ते सांगतो. सांगायचा मला हक्क नाही, पण बारकीला मी ओळखतो, म्हणून.

तिच्याकडे जा. गेल्या गेल्या मामाने कबूल केलं असं म्हणू नकोस. तिला वाटेल, आपल्याकडून काही चुकलं आणि टोळी फुटली. आधी एवढंच सांग, की तू सही केली नाहीस हे मला माहीत आहे. ती म्हणेल, मीच केली. म्हणेलच, ती तशी आहे. मग तिच्यासमोर कोरा कागद ठेव आणि आईची सही काढून दाखव म्हण. तिला येत नाही ताई. तिने एकदाही पेन हातात घेतलं नव्हतं. ती कागदाकडे बघत बसेल, तेवढ्यात तिला जवळ घे. कोणाचं काय, ते नंतर. हे पत्र तिला वाचून दाखव. नाहीतर तिलाच वाचू दे, माझ्यापेक्षा बरं वाचते ती.

आत्यालाही दाखव. लिहिलेली ती सगळी पानं तिच्याकडून मागून घे, तिच्या घरात राहू देऊ नकोस.

बाईंना वेगळं पत्र याच पाकिटात घातलंय. खुणा कोणाच्या, सह्या कोणाच्या, पेन्सिलींचं ते उत्तर कोणी शिकवलं, सगळं आहे त्यात. बारकीला हिशेब येतो हेही लिहिलंय. वरचे धरायची सवय मी लावली, ती काढली की तिचं उत्तर बरोबर असतं. शुद्धलेखन तुला पहिल्यापासून घ्यावं लागेल. शक्य असेल तर काकूंना सांग, मशीन चालवता चालवता शब्द घालतील. त्यांना वाचता येतं, मी विचारून घेतलंय.

माझं काही मागणं नाही. फोन मी करणार नाही, तुला उचलायचा की नाही हा प्रश्नच नको. काल दोरीवाल्या त्या पोराला घेऊन ठेकेदाराकडे गेलो आणि त्या दोन ओळी माझ्या होत्या म्हणून सांगितलं. त्याने अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. पोरगा माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता.

पैसे काकूंच्या हाती पाठवतोय, माझ्या नावाने तू घेणार नाहीस म्हणून. सकाळच्या पहिल्या गाडीने जा आणि त्याच दिवशी परत ये, तिला तिथे आणखी एक रात्र ठेवू नकोस. पूर्ण तिकीट सहाशे वीस, बारकीचं निम्मं. जाताना तू एकटी, येताना दोघी. एक हजार पाचशे पन्नास.